मशीन घेण्याआधी गोदाम बघ

अजिंठा, ता. सिल्लोड

चि. बाळास,

शेंद्र्याच्या गोदामासाठी ऑर्डर पिकर घ्यायचे आहेत आणि निवड तुझ्यावर सोपवली आहे, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. माझं उभं आयुष्य वाळूजच्या स्टोअर्समध्ये गेलं, म्हणून हक्कानं चार गोष्टी लिहितो.

आपलं फर्दापूर तुला ठाऊक आहे. लेणी बघायला आलेल्यांच्या गाड्या टी-जंक्शनला थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर लोक एसटीच्या बसनं जातात, कारण धूर लेण्यांतल्या चित्रांना सोसत नाही. पुढं कोणती गाडी जायची, ते जागेनं ठरवलं. गोदामातही जागा, माल आणि माणूस यांनीच मशीन ठरवायचं असतं, कॅटलॉगनं नाही.

आधी माल बघ. महिनाभराच्या पिकलिस्ट काढून बस. अख्खे पॅलेट उतरवायचं काम जास्त असेल तर तुला रीच ट्रक हवा. ऑर्डर पिकर सुट्या नगांसाठी असतो; त्यात माणूसच प्लॅटफॉर्मसकट वर जातो आणि रॅकमधला खोका हातानं काढतो. रोज हलणारा माल खालच्या कप्प्यांत आणलास तर वर जायच्या फेऱ्याच घटतील. ही मांडणी झाल्यावरच किती मशीन लागतील ते ठरव.

मग टेप घेऊन गोदामात उतर. दोन रॅकमधली गल्ली सर्वांत अरुंद असेल तिथं मोज. पॅलेट बाहेर डोकावतात, खांबांना गार्ड असतात, ते नकाशात दिसत नाही. वरची स्प्रिंकलरची पाइप आणि दाराची उंचीही मोज. कोटेशनमध्ये पिकिंगची उंची लिहिलेली असते, ती बहुधा प्लॅटफॉर्मच्या उंचीत १६०० मिलिमीटर मिळवून काढलेली असते. माणूस प्रत्यक्ष किती वर उभा राहणार, हा आकडा वेगळा मागून घे. पूर्ण उंचीवर मशीन किती वजन पेलतं आणि त्यात माणसाचं वजन धरलंय का, तेही लेखी घे.

फरशीकडे दुर्लक्ष करू नकोस. दोन चाकांत एक मीटर अंतर असेल आणि फरशीत तीन मिलिमीटरचा उतार असेल, तर आठ मीटर उंचीवर माणूस चोवीस मिलिमीटर बाजूला झुकतो. मास्टचं हेलकावणं त्यात धरलेलं नाही. खालून हे कळत नाही, वर उभ्या असलेल्याला मात्र लगेच कळतं.

बॅटरीचा निर्णय शिफ्ट बघून घे. एकच शिफ्ट असेल तर लेड-ॲसिड स्वस्तात भागते. रात्री चार्जिंगला लावायची, वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालायचं. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून खोली हवेशीर हवी. दोन-तीन शिफ्ट असतील तर लिथियम बरी, चहाच्या सुट्टीतही चार्ज होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याखाली आणखी तापतं, तेव्हा किती तापमानापर्यंत चालेल ते कंपनीला विचार.

आता माणूस. जो रोज वर जाणार, त्यालाच डेमोला चढव. तुझ्याच गल्लीत, तुझाच माल घेऊन, पूर्ण शिफ्टभर. हार्नेस त्याच्या अंगाला नीट बसतो का? बाजूचं गेट उघडं असताना मशीन हलत तर नाही ना? वर असताना बंद पडलं तर खालून उतरवता येतं का? हे उतरवणं दोन-तीन जणांना करून दाखवायला लाव. ज्याला उंचीची भीती वाटते त्याच्यावर सक्ती करू नकोस. खालच्या मजुरालाही वरच्या पिकरखाली उभं राहू देऊ नकोस.

शेवटी सर्व्हिस. मेकॅनिक संभाजीनगरात आहे की पुण्याहून येणार, कोणते पार्ट इथं ठेवतात, किती तासांत येणार, हे करारात लिहून घे. दर थोडा जास्त असला तरी चालेल. सणासुदीपुरतीच गर्दी असेल तर जादा मशीन भाड्यानं घे.

साहेब घाई करतील, तरी वर चढणाऱ्या माणसानं होकार दिल्याशिवाय पर्चेस ऑर्डरवर सही करू नकोस.

तुझा,
मामा