क्लासच्या आतला क्लास : स्टॅटिक की इनर?

गेल्या महिन्यात जावाच्या सराव परीक्षेला आम्ही लॅबमध्ये बसलो होतो. एका मुलाने मेन मेथडमध्ये आतल्या क्लासचे ऑब्जेक्ट बनविले, कंपाइलरने चूक दाखविली. त्याने आतल्या क्लासपुढे 'स्टॅटिक' लिहिले, चूक गेली. कारण विचारले तर म्हणाला, "सर, स्टॅटिक लावलं की चालतं." पुढच्या प्रश्नात हाच उपाय फसला आणि वेळ संपली. मुलगा हुशार आहे, म्हणून वाईट वाटले.

आम्ही हिंदी माध्यमातून शिकलेलो. इंग्रजी पुस्तकातल्या या दोन नावांनी आमचाही बराच काळ गोंधळ केला. शेवटी उलगडा झाला तो शाळेच्या ऑफिसात.

समजा, बाहेरचा क्लास 'विद्यार्थी' आणि आतला 'प्रगतिपत्रक'. ऑफिसात कोणी प्रगतिपत्रक मागितले की बाबू आधी विचारतात, "कोणाचे?" इनर क्लास तसाच आहे. त्याच्या प्रत्येक ऑब्जेक्टजवळ बाहेरच्या एका ठराविक ऑब्जेक्टचा पत्ता गुपचूप ठेवलेला असतो, म्हणून तो त्या विद्यार्थ्याचे नाव, रोल नंबर थेट वाचतो. मेन मेथड स्वतः स्टॅटिक. तिथे कोणताच विद्यार्थी हजर नाही. म्हणून आधी विद्यार्थ्याचे ऑब्जेक्ट बनवावे, त्यापुढे टिंब देऊन न्यू लिहावे.

स्टॅटिक नेस्टेड क्लास म्हणजे प्रगतिपत्रकाचा कोरा छापील फॉर्म. तो कोणा एकाचा नाही, म्हणून लगेच मिळतो; पण त्याला 'नाव' विचारले तर कोणाचे सांगणार? आमच्या मुलाची गाडी इथेच अडली. हां, एखादा विद्यार्थी त्याच्या हाती दिला तर त्याची प्रायव्हेट माहितीसुद्धा तो वाचू शकतो, कारण घर एकच आहे.

ही सोय जावात 1997 साली, 1.1 आवृत्तीत आली. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही दोन्ही प्रकार सापडतात. अ‍ॅरेलिस्टमधून एकेक वस्तू काढून देणारा इटरेटर इनर क्लास आहे. त्याला ती विशिष्ट यादी लागतेच. हॅशमॅपमधला नोड मात्र स्टॅटिक आहे. तो फक्त आपली की, व्हॅल्यू, हॅश आणि पुढच्या नोडचा पत्ता सांभाळतो. मॅपशी त्याला काम नाही. तो इनर ठेवून प्रत्येक नोडमध्ये मॅपचा पत्ता साठविला असता, तर लाख नोंदींमागे लाख पत्ते उगाच मेमरीत पडून राहिले असते.