संक्रांतीच्या सुटीत सायकलने तंजावर

तोट्टियम सोडून मुसिरीच्या दिशेने आम्ही काही किलोमीटर गेलो असू, तोच, ज्या झाडाच्या विरळ सावलीत अर्धा तास विसावा घेऊन आम्ही नुकतेच उठलो होतो त्या वेड्या बाभळीच्या काट्यांनी आमच्या तीन सायकलींच्या सहा चाकांपैकी पाच चाके निकामी केली आहेत, जवळ सुट्या ट्यूबा दोनच आहेत, ठिगळे डकविण्याच्या सोल्युशनची नळी आतल्या आत वाळून गेली आहे, आणि दिवस माट्टु पोंगलचा, म्हणजे गुरांच्या सणाचा, असल्यामुळे पुढच्या वा मागच्या गावात पंक्चरचे एकही दुकान उघडे सापडणार नाही, ही सारी हकीकत एकामागून एक आमच्या ध्यानात आली. त्या दुपारी जे शिकलो ते इतरांस उपयोगी पडावे म्हणून हा मजकूर लिहीत आहे.

आधी या प्रवासाचे प्रयोजन सांगतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. जानेवारीत तेथील पहाट पंधरा-सोळा अंशांवर येते, आणि १८८४ च्या जानेवारीत तर पारा ७.८ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. हिमालयातील मंडळींस ही थंडी थंडी वाटणार नाही. परंतु पहाटे पाच वाजता उघड्या बोटांनी ब्रेक धरणाऱ्यास ती पुरेशी जाणवते. अशा वेळी ऊब शोधणारे बंगळूरकर नाताळात गोव्याची वाट धरतात आणि तेथे आपल्याच शहरातल्या गर्दीला पुन्हा भेटतात. वस्तुतः ऊब आपल्या पायाखालीच आहे, केवळ खाली उतरले पाहिजे. दर शंभर मीटर उतारामागे हवा सुमारे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक तापते, आणि तंजावर समुद्रसपाटीहून जेमतेम साठ मीटर उंच आहे. म्हणजे चार दिवसांच्या मजलीत मनुष्य पाच-सहा अंशांनी उबदार मुलखात सावकाश शिरतो.

मार्ग सरळ आहे: होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी, सेलम, नामक्कल, मुसिरी, तिरुचिरापळ्ळी, तंजावर; एकूण अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. कृष्णगिरी, सेलम आणि मुसिरी असे मुक्काम आम्ही केले. धर्मपुरी व सेलम यांमधील तोप्पूरचा घाट दिवसाउजेडीच उतरावा, कारण अवजड मालमोटारी तेथे उतारावर वेग आवरू शकत नाहीत आणि अपघातांसाठी ती जागा कुप्रसिद्ध आहे. डावी कड सोडू नये, मागून मालमोटार आली की थांबून तिला पुढे जाऊ द्यावे. काही उत्साही मंडळी राजमार्ग टाळून देंकणीकोट्टै-अंचेट्टीच्या रानातून होगेनक्कलकडे उतरण्याचा आग्रह धरतात. तो रस्ता देखणा खरा. परंतु नाचणीच्या सुगीच्या या दिवसांत हत्तींचे कळप त्याच पट्ट्यात वावरत असतात, आणि सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर त्या रानात सायकल घालणे याला मी साहस म्हणत नाही. हत्तींच्या वहिवाटीत ती विनाकारण केलेली ढवळाढवळ आहे. तेथून जावयाचेच असेल तर उन्हे चांगली वर आल्यावर जावे.

सामानाविषयी वाचकांस सांगण्याची गरज नाही. पहाटेच्या उतारावर छातीशी सदऱ्याच्या आत जुने वर्तमानपत्र घातले की वारा अडतो आणि कृष्णगिरीस पोहोचल्यावर ते कचराकुंडीत टाकता येते, एवढी एकच युक्ती नमूद करतो.

आता मुसिरीच्या अलीकडच्या त्या दुपारकडे वळतो. वेडी बाभूळ हे झाड तामिळनाडूच्या कोरड्या माळांवर, तळ्यांच्या पोटात आणि रस्त्यांच्या कडेला इतके माजले आहे की उन्हात दुसरी सावली दिसत नाही. तेथील लोक तिला सीमै करुवेलम् म्हणतात, म्हणजे परदेशी बाभूळ, आणि तिचा वाळलेला काटा मातीच्या रंगात असा मिसळून जातो की चाक त्यावरून जाईपर्यंत डोळ्यांस दिसत नाही. आम्ही तीन जण होतो: मी, माझा पुतण्या आणि त्याचा एक मित्र. पहिल्या दोन चाकांत नव्या ट्यूबा घालून, पंपाने हवा भरून, आता निदान दोन सायकलींची अडचण अर्धी सुटली अशा समजुतीने आम्ही उठलो, आणि शंभर पावले जाण्यापूर्वीच त्याही दोन्ही ट्यूबा बसल्या. काट्याचे बाहेरून दिसणारे टोक आम्ही उपटले होते. टायरच्या पोटात मोडून राहिलेले टोक आम्ही शोधलेच नव्हते. आमच्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक ती हीच.

सायकली हाती धरून आम्ही चालू लागलो. केळीच्या बागांमधून जाणाऱ्या त्या रस्त्यावर एका घरापुढे शिंगांना ताजा रंग दिलेले, गळ्यांत झेंडूच्या माळा घातलेले दोन बैल उभे होते, आणि ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. माझ्या कानडीमिश्रित तामिळाचा त्यांस कितपत बोध झाला कोणास ठाऊक, परंतु पाच बसलेली चाके समजावण्यास भाषेची गरज पडली नाही. पुतण्याने त्यांना ‘तात्ता’, म्हणजे आजोबा, म्हणून हाक मारली, ते उठले, आणि पुढील दोन तास त्यांनी आमच्याकडून काम करवून घेतले. बैलांच्या पाण्याच्या दगडी कुंडीत ट्यूब बुडवून बुडबुडे कोठून निघतात ते पाहिले. ओसरीच्या खरखरीत सिमेंटच्या कडेवर ती घासली. जुन्या ट्यूबचे तुकडे कात्रीने गोल कापले. आणि शेजारच्या घरातील मोपेडच्या डिकीतून सोल्युशनची एक ओली नळी मागवली. मग टायर उलटे करून, एक सुती फडके बोटांभोवती गुंडाळून, त्यांनी ते टायरच्या आतून सावकाश, पूर्ण वर्तुळभर फिरवले. जेथे फडके अडकले तेथे काटा होता. एका टायरातून तीन, दुसऱ्यातून दोन, असे करीत आम्ही एकूण अकरा टोके काढली. ते फडके त्यांनी पुतण्याच्या हाती देऊन, शेवटचे टायर त्याच्याकडूनच तपासून घेतले.

सण असल्यामुळे जेवू घातल्यावाचून सोडणार नाहीत हे उघड होते. केळीच्या पानावर गुळाचा पोंगल वाढला गेला, तुपात भिजलेला, काजू-बेदाणे घातलेला. आणि पैशांचा विषय मी काढला तेव्हा वृद्ध गृहस्थांनी बैलांकडे बोट दाखवून मान हलवली. त्या दिवशी गुरांनाही कामाला जुंपत नाहीत, मग श्रमाचे पैसे कसले घ्यावयाचे, असा अर्थ मी केला. चुकीचा असल्यास दोष माझा.

या प्रसंगावरून काढलेली तजवीज अशी. माणशी दोन सुट्या ट्यूबा घ्याव्यात, आणि सोल्युशनची नळी प्रत्येक प्रवासास नवी घ्यावी, कारण एकदा उघडलेली नळी काही महिन्यांत वाळते आणि ते ऐन वेळीच कळते. टायर व ट्यूब यांमध्ये बसणारा संरक्षक पट्टा मिळतो. वजन वाढते म्हणून त्याला नाक मुरडू नये. सावलीत थांबावयाचे तर चिंच, वड, पुंगम (करंज) पाहावा, आणि डांबर सोडून खाली जाताना सायकल ढकलत नेऊ नये, उचलून न्यावी. आणखी एक गोष्ट, जी शहरातील महागड्या सायकली विकणारे सांगत नाहीत: आपल्या अरुंद चाकांस लागणाऱ्या बारीक तोटीच्या ट्यूबा खेड्यांत मिळत नाहीत, तेथील दुकानात साध्या सायकलीची, जाड तोटीची ट्यूब असते, आणि रिमचे छिद्र बारीक असेल तर तिची तोटी त्यात शिरतच नाही. म्हणून लांबच्या प्रवासास मोटारीसारख्या जाड तोटीच्या रिमची, रुंद चाकांची सायकल बरी. बंगळुरात रविवारी नंदीच्या डोंगरावर जी गर्दी होते तीत वेगाचे नि वजनाचे आकडे पुष्कळ ऐकू येतात; ज्याला आपले चाक रस्त्याकडेला बसून दुरुस्त करता येते आणि ज्याचा कचरा त्याच्याच पिशवीत परत येतो, त्यालाच मी खरा सायकलस्वार म्हणेन.

त्या रात्री मुसिरीस मुक्काम करणे भाग पडले, आणि तिरुचिरापळ्ळीची उरलेली मजल दुसऱ्या दिवसाच्या माथी आली. येथे वाऱ्याचा हिशेब सांगितला पाहिजे. या दिवसांत वारा ईशान्येचा असतो. सेलमपासून नामक्कलपर्यंत दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी वा बाजूस राहतो. मुसिरीच्या पुढे रस्ता पूर्वेस वळला की तो तोंडावर येतो, पहाटे जवळजवळ शांत असतो, दहानंतर जोर धरतो. म्हणून पूर्वेकडची मजल आखूड ठेवावी आणि अंधारातच कूच करावे. आम्हांस ती शंभराहून अधिक किलोमीटरांची करावी लागली, आणि कावेरीच्या सपाट काठावर, जेथे चढ नावालाही नाही, तेथे घाट चढल्यासारखे पाय भरून आले.

शिवाय तो काणुम पोंगलचा दिवस होता. त्या दिवशी लोक सहकुटुंब नदीकाठी जातात. करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेल्या कल्लणै बंधाऱ्यावर पाऊल ठेवावयास जागा नव्हती. शिदोरी घेऊन आलेल्या कुटुंबांविषयी माझी तक्रार नाही, नदी त्यांचीच आहे. परंतु ज्या पाण्यावर साऱ्या तंजावर मुलखाचे भात पिकते त्यात कागदी पेले व पिशव्या तरंगताना पाहून मन विषण्ण झाले. पुढे तिरुक्काट्टुपळ्ळीच्या रस्त्यावर मात्र कापणीस आलेली भातशेते दुतर्फा पिवळी पडली होती. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे २८ जानेवारीपर्यंत सुटते, तेव्हा हा देखावा पाहावयाचा तर त्याच सुमारास जावे. फक्त रस्त्यावर वाळत घातलेल्या धान्यावरून सायकल नेऊ नये, चाकही घसरते आणि शेतकऱ्याचे नुकसानही होते.

तंजावर येथे मराठी माणसाने एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. विजापूर दरबाराने १६३८ नंतर शहाजीराजांस बंगळूरची जहागीर दिली. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. आणि १८५५ मध्ये राजा निपुत्रिक वारल्यावर कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहावा, सरस्वती महाल ग्रंथालय पाहावे. अधिक येथे लिहीत नाही.

तारखेचा निर्णय आता सुलभ होईल. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरातही या मुलखास झोडपतो, म्हणून नाताळची सुटी भरवशाची नव्हे. पोंगलचे चार दिवस दुकाने बंद व नदीकाठ भरलेले. तंजावरजवळच्या तिरुवैयारूस पौष वद्य पंचमीच्या सुमारास संगीतकार त्यागराजांची आराधना असते, तेव्हा तंजावरातील खोल्या आधीच राखून ठेवाव्या लागतात. आणि मार्चपासून उन्हाचा त्रास सुरू होतो. पोंगल आटोपल्यानंतरचे तीन-चार आठवडे सर्वांत उत्तम. परतीसाठी तंजावरहून बंगळुरास रात्रीची रेल्वे आहे. सायकलीची चौकशी पार्सल कार्यालयात आदल्या दिवशीच करावी.

त्या वृद्ध गृहस्थांनी डकविलेली ठिगळे अद्याप धरून आहेत. मोटारीच्या तोटीची चाके मात्र मी परतल्यावर लगेच बसवून घेतली.