पाठचिकित्सा, श्रद्धा आणि विज्ञान : व्हाला ते गॅलिलिओ

मानवतावाद हे विज्ञानाचे अपत्य होय, अशी मांडणी पुष्कळदा केली जाते. कालक्रम मात्र तिला अनुकूल नाही. कोपर्निकसचा ग्रंथ 1543 चा. लोरेन्झो व्हालाने त्यापूर्वी शतकभर, 1440 मध्ये, 'कॉन्स्टन्टाइनचे दानपत्र' बनावट ठरविले होते. पोपची लौकिक सत्ता या दानपत्राच्या आधारे समर्थिली जात असे. व्हालापाशी दुर्बीण नव्हती. होते ते लॅटिनचे ज्ञान. चौथ्या शतकातील रोमन शासनपत्रात 'सत्रप' कोठून आले, हा त्याचा एक प्रश्न. (त्याचा आश्रयदाता राजा आल्फोन्सो याचे पोपशी वैर होते, हेही खरे.) तथापि हाच व्हाला पुढे पोपच्या सेवेत गेला, त्यास धर्मविरोधक म्हणणे सयुक्तिक नव्हे.

त्याची नव्या करारावरील टिपणे इरॅस्मसने 1505 मध्ये प्रसिद्ध केली. 1516 मध्ये स्वतः ग्रीक पाठ छापताना, हस्तलिखितांत न आढळलेले त्रैक्याचे वचन इरॅस्मसने वगळले. 1522 मध्ये ते पुन्हा घ्यावे लागले. श्रद्धावंतानेच श्रद्धेच्या ग्रंथास पुराव्याची अट घातली, हे येथील मर्म.

गॅलिलिओचे 1615 चे क्रिस्टीना हिला उद्देशून लिहिलेले पत्र याच परंपरेत वाचावयास हवे. सिद्ध झालेले निसर्गसत्य आणि धर्मवचन यांत विरोध दिसल्यास दोष वचनाचा नसून अर्थ लावणाऱ्याचा, असे तो म्हणतो. 1616 मध्ये रोमने कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्तीपर्यंत रोखला, तेव्हा वाद केवळ ग्रहगतीचा नव्हता; अर्थनिर्णयाचा अधिकार कोणाचा, हाही होता.