आफ्रिका ट्विन: वाळवंटातून रस्त्यावर

प्रश्न: होंडाची आफ्रिका ट्विन मोटरसायकल खरंच रॅलीतून जन्मली, की ही निव्वळ जाहिरात?

उत्तर: खरंच रॅलीतून. पॅरिस-डकार रॅलीत १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षं बीएमडब्ल्यूच्या दोन सिलिंडरच्या गाड्या जिंकल्या. सहारा ओलांडायचा तर ताकद, टिकाऊपणा आणि पेट्रोलचा भरपूर साठा, तिन्ही हवं. होंडाने त्यासाठीच व्ही-ट्विन इंजिनाची एनएक्सआर ७५० बांधली आणि १९८६ ते १९८९ अशी सलग चार जेतेपदं मिळवली. पहिली दोन रायडर सिरिल नव्हूची.

१९८८मध्ये ग्राहकांसाठी एक्सआरव्ही ६५० आली, तीच पहिली आफ्रिका ट्विन. ती एनएक्सआरची हुबेहूब नक्कल नव्हती. इंजिन ६४७ सीसीचं, वेगळं होतं. मात्र लांब सस्पेन्शन, २१ इंची पुढचं चाक आणि मोठी टाकी हा रॅलीचाच वारसा. खडबडीत वाटेवर तो आजही जाणवतो.