टाइल्स बसण्याआधी

बाथरूमच्या टाइल्स बदलायच्या म्हटलं की घरात चर्चा रंगते ती रंगाची आणि डिझाइनची. पण खरं काम त्याआधीचं असतं, ते म्हणजे शॉवर, नळ आणि मिक्सर नीट काढण्याचं. ते बिघडलं तर नवी कोरी टाइल फोडावी लागते, आणि खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल येते ती वेगळीच! मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे हे काम निघालं, तेव्हा प्लंबरकाकांच्या हाताखाली मी तीन दिवस होते. त्यात जे शिकले ते थोडक्यात लिहिते.

सुरुवात वीज आणि पाण्यापासून. गीझरची नुसती बटणं नाही, त्याचा एमसीबीच पाडायचा आणि गीझर थंड होऊ द्यायचा. मग बाथरूमचा मेन कॉक बंद करून सगळे नळ उघडायचे, म्हणजे पाइपमधलं पाणी निघून जातं. कॉक जुना असेल तर धार थांबत नाही. अशा वेळी बिल्डिंगमधल्यांना सांगून गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. टाकीतली पातळी नळापेक्षा 10 मीटर वर असेल तर दाब साधारण 1 बार असतो. तोटी निघाली की तो थेट तोंडावर!

यानंतर न्हाणी ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा घालायचा. टाइलचे तुकडे आणि सिमेंट आत गेलं तर लाइन चोक होते.

आता प्रत्यक्ष काढणं. तोटी आणि शॉवरचा दांडा आट्यांवर बसलेला असतो, तो घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. वॉल मिक्सरचे दोन मोठे नट मात्र आलटून पालटून थोडे थोडे सैल करायचे. इथे आपलं मेकॅनिक्स आठवावं. 25 सेंटीमीटरच्या पान्यावर 20 किलोचा जोर दिला तर साधारण 50 न्यूटन-मीटरचा टॉर्क होतो, आणि आटे जाम असतील तर तो सगळा भिंतीतल्या एल्बोवर जातो. सीपीव्हीसीचा एल्बो असेल तर आतल्या आत तडकू शकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून हिसका द्यायचा नाही. क्षार साचले असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवायचं.

फिटिंग निघालं की प्रत्येक पॉइंटला टेफ्लॉन टेप लावून प्लग बसवायचा आणि मेन कॉक उघडून रात्रभर बघायचं. जुन्या टाइल्स फोडून झाल्यावर हीच टेस्ट पुन्हा, कारण छिन्नीचा घाव पाइपला लागलेला असू शकतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण 20 थेंबांचा 1 मिलिलिटर धरला तर दिवसाला 4 लिटरहून जास्त पाणी भिंतीत मुरतं!

प्लगचा आणखी एक उपयोग आहे. तो बाहेर डोकावत असल्यामुळे टाइलला भोक कुठे पाडायचं ते गवंड्याला कळतं. त्याच वेळी खोलीही मोजून घ्यावी. जुनी टाइल 6 मिलिमीटर आणि नवी 10 मिलिमीटर असेल, आणि खालचा माल तेवढाच असेल, तर आटे 4 मिलिमीटर आत जातात. मग एक्स्टेन्शन जोडावं लागतं, म्हणजे लिकेजची एक जागा वाढते.

शेवटी, भिंत उघडी असतानाच टेप धरून पाइपांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे टॉवेलचा रॉड लावताना ड्रिल पाइपमध्ये घुसणार नाही.

तेव्हा घरी कधी हे काम निघालं, तर पहिली टाइल लागण्याआधी एकच प्रश्न नक्की विचारा: “काका, पाणी सोडून टेस्ट केली का?”