आज्ञावलीचा वेग आणि कंपायलरची किंमत

संगणकाची आज्ञावली संथ चालते अशी तक्रार आली की कंपायलर वापरण्याचा सल्ला बहुधा दिला जातो. तो स्वीकारण्यापूर्वी त्याचे स्वरूप समजून घेणे इष्ट ठरेल.

पीएचपी, पायथॉन यांसारख्या भाषांना स्क्रिप्ट भाषा म्हणतात. त्यांतील आज्ञावली चालू असतानाच इंटरप्रिटर नावाची दुसरी आज्ञावली तिचा अर्थ लावून ती अमलात आणते. वक्त्याच्या प्रत्येक वाक्यामागून दुभाष्याने बोलावे, तसा हा प्रकार होय. कंपायलर मात्र संपूर्ण भाषणाचा अनुवाद आधीच तयार ठेवतो. वेळ वाचतो तो यामुळे.

या बाबतीत फेसबुकचे उदाहरण उद्बोधक आहे. पीएचपीत लिहिलेल्या आपल्या संकेतस्थळासाठी या कंपनीने फेब्रुवारी २०१० मध्ये ‘हिपहॉप’ नावाचा कंपायलर जाहीर केला. तो पीएचपीचे रूपांतर सी प्लस प्लस या भाषेत करी आणि मग त्यातून यंत्रभाषेतील आज्ञावली तयार होई. सर्व्हरच्या प्रोसेसरवरील भार त्यामुळे सुमारे निम्म्याने उतरल्याचे कंपनीने सांगितले. हजारो सर्व्हर चालविणाऱ्या संस्थेस ही बचत मोठीच म्हणावी लागेल.

तथापि तिची किंमतही मोजावी लागली. भाषेतील काही सोयी सोडाव्या लागल्या. संपूर्ण संकेतस्थळाची मिळून एकच प्रचंड फाइल तयार होई आणि बदल लहान असला तरी ती नव्याने बनवून सर्व सर्व्हरवर पोहोचवावी लागे. दैनंदिन कामासाठी वेगळा इंटरप्रिटर ठेवावा लागल्याने दोहोंचा मेळ राखण्याचे कामही वाढले. अखेर २०१३ मध्ये ही पद्धत मागे पडली व तिच्या जागी एचएचव्हीएम आले. ते आज्ञावली चालू असतानाच तिचे यंत्रभाषेत रूपांतर करी. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपीची सातवी आवृत्ती निघाली आणि अनेक आज्ञावल्या स्वतंत्र कंपायलरवाचूनच जवळजवळ दुप्पट वेगाने चालू लागल्या. स्वस्थ बसून राहिलेल्यांचे फारसे बिघडले नाही!

लहान कार्यालयाने तर आधी वेळ कोठे जातो हे मोजावे. समजा, दाखला तयार होण्यास १० सेकंद लागतात. त्यांपैकी ८ सेकंद माहितीसाठ्यातून नोंद शोधण्यात आणि २ सेकंद आज्ञावलीच्या स्वतःच्या कामात जातात. कंपायलरने हे काम चौपट वेगाने केले तरी दीड सेकंदच वाचेल. दाखल्यास साडेआठ सेकंद लागतीलच. उलट, नोंदींना योग्य अनुक्रमणिका जोडली तर आठ सेकंदांचा शोध कित्येकदा क्षणात आटोपतो. अशा कामासाठी कंपायलरचा खटाटोप करू नये, असे आमचे मत आहे.

लांबलचक आकडेमोड, चित्रांवरील प्रक्रिया यांसारख्या कामांची गोष्ट निराळी. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपीच्या आठव्या आवृत्तीत चालू आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याची सोय आली, तेव्हा आकडेमोडीस तिचा चांगला लाभ झाला. सर्वसाधारण संकेतस्थळांच्या वेगात मात्र तिने फारसा फरक पडला नाही.