सुईचं भोक: पीअर टीमसोबत फिरताना शिकलेले सात धडे

माझ्या पहिल्या नॅक भेटीची पहिली रात्र. दिवसभराची टिपणं जुळवत आम्ही हॉटेलच्या खोलीत बसलो होतो. मी लिहिलं होतं, ‘स्किल लॅब सुसज्ज.’ टीमच्या अध्यक्षांनी एवढंच विचारलं, “मॅडम, आयव्हीच्या सरावाचा तो रबरी हात होता ना, त्याला सुईची भोकं किती होती?”

मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. एकही भोक नव्हतं. त्या हाताला कुणी कधी टोचलंच नव्हतं, आणि तिथल्या नर्सिंगच्या मुली शिरा शोधायला शिकत होत्या त्या थेट रुग्णांच्या हातावर.

कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक १९९४ साली स्थापन झाली; भेटीला येते ती तिची पीअर टीम. आरोग्यविज्ञानाच्या कॉलेजांसाठी तिचं वेगळं मॅन्युअल आहे. महाराष्ट्रात १९९८ पासून नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. संलग्नतेसाठी त्याच्या स्थानिक चौकशी समित्या कॉलेजांना भेटी देतात. दोन्हीकडे काम केलं, पुढे नव्या असेसरना शिकवायलाही बसले. त्यातून हाती आलं ते असं.

१. सेवेची वर्षं म्हणजे पात्रता नव्हे

असेसरची नावं ठरतात ती पद आणि अनुभवाची वर्षं पाहून. तेही लागतंच. पण वीस वर्षं प्राचार्यांच्या खुर्चीत बसलेल्या बाईंचा वॉर्डाशी संबंध कधीच सुटलेला असू शकतो. म्हणून नव्या माणसाला मी एक प्रश्न विचारते: “तुमच्या कॉलेजात उद्या समिती येणार आहे. तुम्ही सगळ्यात आधी काय झाकाल?” जी व्यक्ती जरा थांबून खरं उत्तर देते, तिला बाकीचं शिकवता येतं. “आमच्याकडे झाकण्यासारखं काहीच नाही,” असं म्हणणाऱ्यांना दुसऱ्याकडचं झाकलेलं दिसत नाही.

२. वहीत तीन रकाने आखा: पाहिलं, ऐकलं, वाटलं

प्रशिक्षणात मी सगळ्यात जास्त वेळ यालाच देते. एक उदाहरण घ्या. पाहिलं: वॉर्डात ३० खाटा, १९ रुग्ण, ८ विद्यार्थिनी. ऐकलं: “एरवी वॉर्ड भरलेला असतो, आज सणामुळे कमी आहेत.” वाटलं: सिस्टर खरं बोलत असाव्यात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाने एका विद्यार्थिनीमागे ३ रुग्ण हवेत, म्हणजे इथे २४. आता अहवालात काय लिहायचं?

लगेच काहीच लिहायचं नाही. आधी स्वयंपाकघरात जाऊन महिन्याभराचं डाएट रजिस्टर मागायचं. मग धोब्याची वही, मग रात्रपाळीचा रिपोर्ट. समितीसाठी वॉर्डाच्या रुग्णसंख्येची नोंद रंगवता येते. पण तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी किती ताटं वाढली, हे आचाऱ्याच्या वहीत सहसा खरं असतं. कित्येकदा या वह्यांनी सिस्टरचं म्हणणं खरं ठरवलं आहे. रकाने वेगळे ठेवले की कॉलेजवर अन्याय होत नाही आणि आपली फसवणूकही होत नाही.

३. एकाच गोष्टीला पाच जण पाच गुण देतात

२०१७ च्या सुधारित पद्धतीत आकड्यांची पडताळणी भेटीआधीच होऊ लागली. पीअर टीमकडे राहिल्या त्या गुणात्मक बाबी, त्यांना ० ते ४ गुण. मी प्रशिक्षणार्थींना एकाच कॉलेजचा स्वयंमूल्यमापन अहवाल देते आणि एकमेकांशी न बोलता गुण द्यायला सांगते. त्याच परिच्छेदाला कुणी ४ देतं, कुणी १. मग प्रत्येकाने आपला गुण कोणत्या पुराव्यावर दिला ते सांगायचं. हळूहळू कळतं, की एकाने सुंदर इंग्रजीला गुण दिले, दुसऱ्याने आपल्या कॉलेजशी तुलना केली, तिसऱ्याला आपल्याच विषयाचं प्रेम नडलं. ही सवय लागली की मगच भेटीला जावं, आणि तीही पहिल्यांदा निरीक्षक म्हणून. गुण द्यायचे नाहीत, फक्त ज्येष्ठांचं विचारणं ऐकायचं.

४. बंद दार दिसलं की थांबा

अब्राहम फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा पाहून त्यांनी १९१० साली अहवाल दिला आणि तिथल्या वैद्यकीय शिक्षणाचं रूप पालटलं. त्यांच्या आठवणींत डे मॉइनमधला एक प्रसंग आहे. एका संस्थेत दारांवर शरीररचना, शरीरक्रिया अशा पाट्या होत्या, पण सगळ्या खोल्यांना कुलूप, आणि किल्ल्या असलेला शिपाई सापडत नव्हता. अधिष्ठात्यांनी त्यांना स्टेशनवर सोडलं. ते गेल्यावर फ्लेक्सनर परत आले, शिपायाला पाच डॉलर देऊन खोल्या उघडायला लावल्या. आत टेबल, खुर्च्या, छोटा फळा; उपकरण एकही नाही.

पैसे देणं आपल्या आचारसंहितेत बसणार नाही. परत फिरणं मात्र बसतं. म्हणून वेळापत्रकात दुसऱ्या दिवशीचा एक तास मी कायम मोकळा ठेवते, काल जे पुरतं दिसलं नाही त्यासाठी.

५. “येतं का?” विचारू नका, “करून दाखव” म्हणा

नॅकच्या टीममधले सदस्य बहुधा परराज्यातले असतात. गुजरातीत किंवा कन्नडमध्ये विचार करणारी मुलगी माझ्या इंग्रजी प्रश्नाला घाबरून गप्प बसते, आणि आपण लिहितो, ‘विद्यार्थ्यांचं ज्ञान कमी.’ ही चूक मी केली आहे. आता मी विचारत नाही. हात धुऊन दाखव, बीपी घेऊन दाखव, हे ड्रेसिंग सोडव, एवढंच म्हणते. हातांना भाषा लागत नाही. त्या वेळी तिच्या मॅडमना नम्रपणे बाहेर थांबायला सांगायचं, आणि मुलीलाही सांगायचं, “बेटा, परीक्षा तुझी नाही, आमच्या सगळ्यांची आहे.”

६. ओळख असेल तर आधीच सांगा

आपलं क्षेत्र लहान आहे. कुणी आपली विद्यार्थिनी असते, कुणी आपल्याकडे परीक्षक म्हणून आलेली, कुणाकडे भाचीचा प्रवेश झालेला. असं नातं असेल तर पत्र आल्याच दिवशी कळवून ती भेट सोडावी. शाल-श्रीफळाचंही तसंच. सत्कारात तास जातो, आणि मान घेतल्यावर कडू प्रश्न विचारताना जीभ अडखळते. जेवण मुलींच्या मेसमध्ये घ्यावं. तिथलं वरण बरंच काही सांगून जातं.

७. अहवाल लिहून झाला की आपल्या घरी या

‘सुधारणेस वाव आहे,’ या वाक्याने कुणाचंच भलं होत नाही. ‘स्किल लॅब कॉलेज सुटल्यावरही दोन तास उघडी ठेवावी आणि सरावाची नोंद लॉगबुकात घ्यावी,’ असं लिहिलं तर एखादी ट्यूटर तेच वाक्य घेऊन व्यवस्थापनासमोर उभी राहू शकते. आपण बरोबरीचे म्हणून गेलो, तर तिच्या हातात काहीतरी ठेवून निघायला हवं.

त्या पहिल्या भेटीहून परतल्यावर मी सामान घरी टाकलं आणि आमच्याच लॅबचं कपाट उघडायला लावलं. आमचा रबरी हात प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, पावडर लावलेला, कोराच. किल्ली स्टोअरकीपरकडे असायची आणि ते पाच वाजता घरी जायचे. त्याच आठवड्यात किल्ली विद्यार्थिनींच्या प्रतिनिधीकडे दिली. वर्षअखेरीस त्या हाताची रबरी कातडी बदलावी लागली. खरेदीच्या त्या कागदावर सही करताना मला जो आनंद झाला, तो कुठल्याच ग्रेडने झाला नव्हता.